किरकोळ वॉर्डातला सगळ्यात आजारी माणूस

इनचार्ज सिस्टरचा वॉर्ड किरकोळ दुखण्यांचा. कुणाचं नख आत वाढलेलं, कुणाचा पाय मुरगळलेला. वरच्या मजल्यावर छाती उघडून शिवलेली माणसं. ती शुद्धीवर आली की छताच्या पंख्याचंसुद्धा कौतुक करतात आणि अभिप्रायाच्या फॉर्मवर दहापैकी दहा देऊन मोकळी होतात. आणि सिस्टरचे नखवाले? एकाला उशी टणक, दुसऱ्याला तीच उशी मऊ. दुखणं जेवढं लहान, तक्रार तेवढी लांब. मरमर मरायचं सिस्टरने आणि कौतुक वरच्या मजल्याचं, असा सगळा मामला.

त्यात हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं. शनिवारपर्यंत वॉर्डाची सरासरी सात मार्कांवर आली नाही, तर सिस्टरची बदली तळघरातल्या धुलाईखात्यात. वीस वर्षं माणसं सांभाळलेल्या बाईने आता चादरींच्या घड्या घालायच्या! एकच फॉर्म उरला होता, आणि त्यावर आठ तरी हवे होते. तो फॉर्म कोणाचा, तर मास्तरांचा.

मास्तर निवृत्त, आणि बसायच्या जागी हे भलंमोठं गळू. पालथं पडून तीन दिवस त्यांनी वॉर्ड डोक्यावर घेतला होता. चहा कोमट, पडदा आखूड, शेजारचा घोरतो, तोही बेसूर.

"मास्तर, खरं सांगा, बिनसलं कुठे?" सिस्टरने शेवटी स्टूल ओढून विचारलं.

मास्तर उशीत तोंड खुपसून म्हणाले, "तुमचा डॉक्टर आला, बघितल्यासारखं केलं आणि 'काही नाही हो हे' म्हणून गेला. आमच्या दादाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तर महिनाभर माणसांची रीघ. अजून प्रत्येक लग्नात तेच सांगत असतो. मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी झालं, तर ते म्हणे काही नाही."

सिस्टरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने डॉक्टरला गाठून दम भरला. खोटं एक अक्षर बोलायचं नाही, पण बोलायचं ते हळू आवाजात, आणि येताना आणखी दोघांना घेऊन यायचं.

संध्याकाळी तिघे आले. वाकून बघितलं. एक "हं" म्हणाला. दुसऱ्याने पहिल्याकडे बघितलं. तिसऱ्याने विचारलं, "किती दिवस सोसलंत हे?"

"अकरा," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापला.

झालं. मास्तरांचं रूपच पालटलं. चहा छान लागू लागला, घोरणाऱ्याची दया येऊ लागली. नखवाले लंगडत येऊन त्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागले. मास्तरांनी दादाला फोन लावला. "तिघं आले होते. बोलले काहीच नाहीत," एवढंच सांगितलं आणि समाधानाने फोन ठेवला.

इथेच घोळ झाला. दादा घाबरून धावत आला आणि थेट साहेबांच्या खोलीत शिरला. "माझ्या भावाला असल्या किरकोळ वॉर्डात ठेवता?" अर्ध्या तासात मास्तर ट्रॉलीवर पालथे, वरच्या मजल्यावर रवाना. आणि नियम असा, की रुग्ण ज्या वॉर्डातून घरी जाईल, फॉर्म त्या वॉर्डाचा. एवढी खटपट करून सिस्टरने दहा मार्क स्वतःच्या हाताने वर धाडले होते. तिला रडू आलं, आणि जिन्यापाशी उभी राहून ती मनसोक्त रडली.

शनिवारी दुपारी दार ढकलून मास्तर आत आले. पायी, काखेत उशी.

"साहेबांशी भांडून आलोय. माझी खाट रिकामी आहे ना?"

"वर काय झालं?" सिस्टरने विचारलं.

"वर काय व्हायचंय? सगळे माझ्यापेक्षा आजारी. एकाला माझं गळू सांगायला गेलो, तर त्याने नुसती शर्टाची बटणं सोडली. मग काय बोलणार? इथे निदान सगळ्यात आजारी मीच."

गळू तोवर फुटून निवळलं होतं. डॉक्टरने तपासून घरी जायला सांगितलं, तेव्हा मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. पालथं पडूनच त्यांनी फॉर्म भरला, बराच वेळ लावून भरला आणि घडी घालून सिस्टरच्या हातात दिला.

ते गेल्यावर तिने घाईघाईने घडी उलगडली. नऊ मार्क होते. खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "सेवा उत्तम. फार लवकर बरं केलं, त्याचा एक मार्क कापला आहे."