बाई बोलत नाही

अप्पांचा आज अंतिम सामना होता आणि घरात सगळ्यात जास्त धांदल धाकट्या लेकीची चालली होती. अप्पांना दिसत नाही. बुद्धिबळ ते कॉम्प्युटरवर, हेडफोन लावून, कानांनी खेळतात. गेल्या वर्षी डाव ऐन रंगात असताना वीज गेली. लगेच आलीही, पण तो म्हातारा कॉम्प्युटर उठेपर्यंत अप्पांचा वेळ संपला आणि जिंकत आलेला डाव हातचा गेला. तेव्हापासून धाकटीचा त्या यंत्रावर दात होता.

दुपारी अप्पा जरा लवंडले, तशी ती त्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्स प्रणालीच्या सेटिंगमध्ये शिरली. कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उठून बसणारे प्रोग्राम पाहून ती थक्कच झाली. नुसते फुकटे! घरातला प्रिंटर केव्हाच भंगारात गेला होता, तरी त्याला शोधणारा रोज हजर. एक हवामान सांगणारा, एक ब्लूटूथवाला. बुद्धिबळाचा तेवढा ठेवून तिनं या सगळ्यांच्या नावापुढच्या खुणा काढल्या, पडद्यामागच्या प्रिंटर-ब्लूटूथच्या सेवाही थांबवल्या. ‘ऑर्का’ म्हणजे कोण ते कळेना. असेल एखादा खेळ, म्हणून त्यालाही नारळ दिला.

मग कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. पूर्वी तेवढ्यात आंघोळ उरकून यायची. आज तिची खुर्ची पुढे ओढून होते न होते तोच सगळं तयार! ती आनंदानं स्वयंपाकघरात जाऊन आईला गदागदा हलवून आली.

सामन्याची वेळ झाली. अप्पांनी हेडफोन चढवला, बटण दाबलं आणि बोटं कीबोर्डवर ठेवून बसून राहिले.

“अजून उठला नाही वाटतं.”

“उठला की अप्पा, कधीचाच! समोर पट दिसतोय.”

“तुला दिसतोय गं. बाई कुठं बोलतेय?”

स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या आवाजाला घरात सगळे ‘बाई’ म्हणत. तिचं खरं नाव कुणी कधी विचारलंच नव्हतं; ते होतं ऑर्का. आणि धाकटीनं तर बाईलाच घराबाहेर काढलं होतं. दुपारी हेडफोन टेबलावर पडलेला, त्यामुळे बाई गप्प झाल्याचं तिला कळलंही नाही.

खेळाडूनं खोलीत एकटंच बसायचं, वेळेत आला नाही तर डाव समोरच्याचा, असा नियम होता; म्हणजे शेजारी बसून पट सांगायचीही सोय नव्हती. तिनं ऑर्कापुढे खूण केली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. गेल्या वर्षीसारखा वेळ लागला असता, तर संपलंच होतं. पण फुकटे गेले होते. ती टेबलापासून दूर होते न होते तोच अप्पांचा चेहरा उजळला.

“आली बाई! आणि केवढ्या लवकर!”

धाकटीला रडावं की नाचावं कळेना. ती दाराशी पोचली तेव्हा अप्पांनी पहिली चाल खेळलीही होती.

“तो प्रिंटरवाला गेला का गं?”

“गेला.”

“सुटलो. रोज सुरुवातीला बाई एकेकाचं नाव घेते. कोण कामाचं नि कोण बिनकामाचं, मला तोंडपाठ आहे. विचारायचंस की.”

तिनं हळूच दार ओढून घेतलं.