चार बोटे उंच

मित्रांनो, मी एक जुना गतिरोधक आहे. हे माझे पुस्तकातले नाव. रस्त्यावर मला काय काय म्हणतात, ते मुलांसमोर सांगण्यासारखे नाही.

मला घडवताना मुकादम म्हणाला, "चार बोटं उंच ठेव." कामगाराची बोटे निघाली जाडजूड. त्यामुळे मी जरा जास्तच उंच झालो आणि जन्मभराच्या शिव्या नशिबी आल्या. सगळ्यांत जास्त शिव्या काचवाल्याच्या. टेम्पोत खिडक्यांच्या काचा घालून तो रोज माझ्यावरून जाई. काचा खणखणल्या की त्याचा जीव वरखाली होई. "हे टेंगूळ एकदाचं काढा," असा अर्जही त्याने दिला होता. खरे सांगतो, त्याचे फारसे चुकत नव्हते.

पण माझ्यापाशी गाड्या हळू होत. हळू झालेल्या माणसाला फळांचे दुकान दिसे, ओळखीचा चेहरा दिसे, चार शब्द बोलणे होई. माझ्या एका बाजूला दोघी बहिणींतली धाकटी शिवणाचे दुकान चालवी, समोरच्या घरात थोरली राही. थोरलीचे गुडघे कुरकुरत. तरी दुपारी चारला ती काठी टेकत माझ्याशेजारून रस्ता ओलांडे, काज-बटणे करी आणि धाकटीशी पोटभर भांडे. तिचा सारा दिवस त्या दोन तासांसाठी असे.

मग रस्त्यावर नवे डांबर पडले आणि मी त्याखाली गडप झालो. रस्ता गुळगुळीत, लोक खूश, गाड्या सुसाट. थोरली चारला कडेला येऊन उभी राही, एक पाऊल टाकी आणि मागे घेई. धाकटी हात धरून न्यायला गेली, तर थोरली म्हणाली, "मला ओढून नेऊ नकोस. माझ्या पायांनी येता येईल तेव्हा येईन." चौथ्या दिवशी ती घराबाहेरच आली नाही. डांबराखाली मला फार वाईट वाटले.

त्याच आठवड्यात काचवाला शिवलेली पँट न्यायला आला. "आज काजं तुम्हीच करताय? ताई कुठंयत?"

"समोरच आहे," धाकटी म्हणाली. "वीस पावलं. पण तिला आता परगाव झालंय."

दुसऱ्या दिवशी चारला काचवाल्याने टेम्पो रस्त्यात आडवा लावला. मागे भोंग्यांचा गोंधळ उडाला. "दोन मिनिटं थांबा," तो म्हणाला. "ताईंना कामावर जायचंय." धाकटीची हाक ऐकून थोरली बाहेर आली आणि स्वतःच्या पायांनी पलीकडे गेली. असे त्याने अकरा दिवस केले आणि एक अर्जही लिहिला.

कचेरीतला कारकून म्हणाला, "तुम्हीच ना ते, काढा म्हणणारे?"

"हो, मीच तो शहाणा," काचवाला म्हणाला.

मला पुन्हा बांधायला आले, तेव्हा मुकादम सवयीने म्हणाला, "चार बोटं." काचवाल्याने खाली बसून आपला हात आडवा धरला. "या खेपेला बोटं माझी." आता मी बेताचा उंच आहे, अंगावर पांढरे पट्टे आहेत आणि त्याच्या काचा वाजत नाहीत.

मित्रांनो, मोठे झालात की गाड्या चालवाल. माझे पट्टे पुसलेले दिसले तर कुणाला तरी सांगा. मनातल्या मनात शिव्या दिल्यात तरी चालेल, मला सवय आहे. पण आता चार वाजले आहेत आणि काठीचा आवाज येतो आहे. गाडी जरा हळू घ्या.