विकास नगरात जपून ठेवलेली विजेची गाडी

मी एक जुनी, विजेवर चालणारी लहान मोटार आहे. जुनी म्हणजे वयाने. धावण्याच्या मानाने पाहिलंत तर मी अजून रांगतेच आहे. लखनौच्या कानपूर रोडवर एका पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी असते. मित्रांनो, माझी कहाणी ऐकून तुम्हाला माझी दया आली तर येऊ द्या, पण आधी मला जरा चिडू द्या. गप्प राहून राहून माझा जीव मेटाकुटीला आला आहे.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. मला दोन दरवाजे आहेत आणि चार माणसांपुरती जागा, त्यातही मागच्या दोघांनी गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. मला पेट्रोल लागत नाही, गिअर आणि क्लच तर माझ्याजवळ नाहीतच. एकदा पुरतं चार्ज केलं की मी सत्तर-ऐंशी किलोमीटर जाते. ट्रेलरवरून येताना शेजारच्या मोठ्या गाड्या माझ्याकडे बघून नाक मुरडत होत्या. पण मला घडवणाऱ्यांनी एकाच कामासाठी घडवलं होतं. सकाळी घरून कामावर न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. त्यापलीकडची हौस मला कधीच नव्हती.

२०१५ साली थंडी ओसरत असताना लखनौच्या एका कंपनीने मला भाड्याने देण्यासाठी ठेवलं. तीन वर्षांचा करार, महिन्याचं भाडं, मुदत संपली की गाडी कंपनीला परत. पहिल्याच आठवड्यात विकास नगरातल्या वासंतीबाई मला न्यायला आल्या.

वासंतीबाई मूळच्या अकोल्याच्या. लखनौच्या एका वनस्पती संशोधन संस्थेत त्या शास्त्रज्ञ होत्या. रोगाला दाद न देणारं पुदिन्याचं वाण तयार करण्यात त्यांची सहा वर्षं गेली होती आणि निवृत्तीला चारच उरली होती. ऊन चढायच्या आत रोपं बघावी लागत. नेमका अशा वेळी त्यांचा डावा गुडघा गेला. क्लच दाबायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. टेंपोत, म्हणजे सवाऱ्या कोंबून जाणाऱ्या शेअर रिक्षात, गुडघा दुमडून बसल्या की उतरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. घरापासून संस्था नऊ किलोमीटर. तेवढं रोज जाता आलं तर काम पुरं होणार होतं, नाहीतर नोकरी सोडावी लागणार होती. क्लच नको म्हणून त्यांनी मला निवडलं. माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "चला, आता मला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको." मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. तो आनंद जेमतेम घरी पोचेपर्यंत टिकला.

फाटकात नंदकुमार उभे होते. हे वासंतीबाईंचे यजमान, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. माणूस मनाने फार चांगला, हे मी आताच सांगून टाकते, कारण पुढे माझ्या तोंडून ते निघणार नाही. त्यांच्या अकोल्याच्या घरी शेजाऱ्यांचं भांडं आणलं तर परत करताना ते आणलं त्याहून लख्ख घासायचं आणि वर त्यात थोडी साखर घालून द्यायची, अशी रीत होती. तीच रीत त्यांनी मला लावली.

"वासंती, ही गाडी आपली नाही," ते म्हणाले. "परक्याची वस्तू आहे. तीन वर्षांनी जशी आणली तशी परत गेली पाहिजे."

"अहो, पण भाडं आपण चालवण्यासाठीच भरतोय ना?"

"चालव की. नको कोण म्हणतंय? फक्त जपून."

झालं. माझ्या सीटवरचं कारखान्यातलं प्लास्टिक तसंच राहिलं. वर जुनी चादर आली, चादरीवर ताडपत्री आली. सकाळ-संध्याकाळ मला पुसलं जाऊ लागलं. धुकं पडलं की मला बाहेर काढायचं नाही, कारण समोरचा दिसत नाही. लग्नसराईत काढायचं नाही, कारण वरातीतली माणसं गाड्यांना टेकतात. ज्येष्ठातल्या मंगळवारी, म्हणजे इकडच्या बड्या मंगळाला, तर विचारूच नका. त्या दिवशी लखनौत जागोजागी रस्त्यावर पुरी-सब्जी आणि सरबत वाटतात. एखाद्याने हाताचं तेल माझ्या दाराला पुसलं असतं तर नंदकुमारांना जेवण गेलं नसतं. वासंतीबाई आठवड्यातून दोन दिवस, फार तर तीन दिवस मला नेत, आणि उरलेले दिवस ओठ आवळून टेंपोत बसत. मी ताडपत्रीखालून त्यांना लंगडत जाताना ऐकायची. मित्रांनो, ज्या कामासाठी आपल्याला आणलं ते काम आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने करावं, आणि तेही इतकं वाईट, यासारखा संताप नाही.

लेक जुई नोएडाला नोकरी करायची. सुट्टीला आली की ती बापावर वैतागायची. मराठी तिला सगळं समजे, उत्तर मात्र हिंदीत येई. "बाबा, ये गाड़ी है यार, देवघर नहीं है. मम्मी को ले जाने दो ना."

"तुला नाही कळायचं," नंदकुमार म्हणत. "दुसऱ्याच्या वस्तूची जबाबदारी काय असते ते."

शेजारच्या विनीताजी येता-जाता थांबून म्हणायच्या, "भाईसाहब, एकदम शोरूम जैसी रखी है." यावर नंदकुमारांचा चेहरा असा खुलायचा की जणू त्यांनीच मला घडवलं आहे. या कौतुकाने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं लखनौच्या कुठल्याही खड्ड्याने केलं नसतं.

पण खरं नुकसान चार्जिंगने केलं. नंदकुमारांचा जुना मोबाइल होता. त्याची बॅटरी पूर्ण उतरू द्यायची आणि मगच चार्ज करायची, म्हणजे ती जास्त टिकते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तो नियम त्यांनी मलाही लावला. माझ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत नेमकं उलट लिहिलं होतं. पण ती पुस्तिका चुरगळू नये म्हणून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवून दिली होती.

पुढच्या वर्षी अकोल्याला थोरल्या दिरांचं ऑपरेशन निघालं, आणि पाठोपाठ घरच्या महालक्ष्म्या आल्या. दोघं सहा आठवड्यांसाठी निघाली. निघताना माझ्या बॅटरीत शेवटची रेघ उरली होती.

"हिला भरून ठेवू या का?" वासंतीबाईंनी विचारलं.

"उतरू दे पूर्ण. आल्यावर भरू."

मग गावाला जाताना आपल्याकडे करतात तसं सगळं झालं. गॅस बंद झाला, नळ तपासले गेले, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि विजेचं मेन बटण खाली पडलं. त्या उकाड्यात मी सहा आठवडे उपाशी उभी राहिले. दोघं परतली तेव्हा ताडपत्रीखाली माझ्यावर धुळीचा कण नव्हता, आणि आत जीव नव्हता.

कंपनीचा मिस्त्री राजाराम आला. त्याने माझं बॉनेट उघडलं, यंत्र लावलं आणि त्यावरचा आकडा वाचला.

"बैटरी गई, बाबूजी. खाली करके छोड़ दिए थे क्या?"

"लेकिन गाड़ी पर एक खरोंच नहीं है," नंदकुमार म्हणाले.

"खरोंच तो हम आधे घंटे में निकाल देते, बाबूजी."

करारात लिहिलं होतं की गाडी नियमित चार्ज केली नाही तर दोष भाडेकऱ्याचा. कंपनीने मला परत न्यायचं ठरवलं. वासंतीबाई पुन्हा रोज टेंपोने जाऊ लागल्या. दुसऱ्याच आठवड्यात उतरताना त्यांचा पाय मुरगळला आणि गुडघा टम्म सुजला. चार दिवस रोपं बघायला त्या गेल्याच नाहीत.

मला न्यायला येणार होते त्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्या खाली आल्या आणि माझ्यात येऊन बसल्या. माझी सीट उंच आहे, तिथे त्यांचा गुडघा दुखायचा नाही. थोड्या वेळाने नंदकुमार आले आणि शेजारी बसले. त्यांनी खिशातून पेन काढलं, कारण वासंतीबाईंच्या हातात एक कागद होता. त्या घरातला प्रत्येक अर्ज नंदकुमारांच्या पेनाखालून जायचा, चाळीस वर्षं बँकेत त्यांनी तेच केलं होतं. हा अर्ज स्वेच्छानिवृत्तीचा होता.

त्यांनी तो सावकाश वाचला. एके ठिकाणी पेन थांबलं.

"कारण 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलंयस."

"मग काय लिहू? यजमानांनी गाडी जपली, असं लिहू?"

नंदकुमारांनी कागद मांडीवर ठेवला. मी त्यांच्यावर दीड वर्ष जळफळत होते, पण त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच विचारला, "तुझ्या त्या वाणाला अजून किती दिवस लागतील?"

"दोन हंगाम."

"मग हा अर्ज मी तपासणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी राजाराम मला ओढून न्यायला आला तेव्हा नंदकुमार त्याच्या साहेबांशी फोनवर बोलत होते. झालेलं नुकसान मी भरतो, अशीच दुसरी गाडी द्या आणि चावी बायकोच्या हातात द्या, असं ते तीन-तीनदा सांगत होते. शहाणपण आलं, पण ते माझ्या जिवावर आलं. मी फाटकाबाहेर पडले तेव्हा कुणी मला पुसत नव्हतं, आणि खरं सांगते, त्याचं मला बरंच वाटलं.

तेव्हापासून मी कंपनीच्या या शेडमध्ये आहे. नवी बॅटरी माझ्यापेक्षा महाग, म्हणून कुणी बसवत नाही. दोन वर्षांनी एक दिवस माझ्या शेजारी माझ्यासारखीच एक गाडी येऊन उभी राहिली. तिचा बंपर लोंबत होता, दाराला पोचा होता, पायपुसण्यांवर माती होती आणि आत पुदिन्याचा वास कोंदला होता. तिने न विचारताच सांगायला सुरुवात केली. बाई धुक्यातसुद्धा निघतात, म्हणाली. साहेब डबा मांडीवर घेऊन शेजारी बसतात आणि रस्ताभर गप्प राहायचा प्रयत्न करतात. बाईंचं वाण संस्थेने मान्य केलं, त्या दिवशी मागच्या सीटवर रोपांच्या कुंड्या होत्या. राजाराम घाई करत होता. "मैडम को कल सुबह निकलना है," म्हणत त्याने तासाभरात बंपर बसवला आणि ती गेलीसुद्धा.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची असेल तर तिला आधी तिचं काम करू द्या, आणि तिच्याबरोबर आलेली पुस्तिका कपाटात ठेवण्यापूर्वी एकदा वाचा. माझं एवढंच मागणं आहे. वासंतीबाई रोज वेळेवर पोचतात, मग त्यांना कोणतीही गाडी नेवो, यावर मी समाधान मानायचं ठरवलं आहे. अजून जमलेलं नाही.