दुपारचं कारंजं

मिस्टरांनी तपासणीच्या नळीत शेवटचा थेंब टाकला, नळी हलवली आणि उजेडात धरली. पाणी पुन्हा गडद गुलाबी. सकाळी त्यांनी बादलीभर पाण्यात आम्ल कालवून पोहण्याच्या तलावाच्या कडेकडेने सोडलं होतं, जेवणाआधी रंग बरोबर नारिंगी आला होता, आणि आता पीएच आठाच्या वर. अशा पाण्यात डोळे चुरचुरतात, कातडीची आग होते. बाईंच्या पायांना तर आग झालेलीही कळली नसती.

"आज नको," ते नर्सला म्हणाले. ती फक्त संध्याकाळीच यायची. तिने टॉवेल घडी मोडल्याशिवायच परत ठेवून दिले.

गल्लीत त्यांना सगळे बाईंचे मिस्टर म्हणूनच ओळखायचे. घरामागच्या त्या लहानशा तलावात बाईंनी आसपासच्या निम्म्या पोरांना पोहायला शिकवलं. पोरं बाईंची, पाणी मिस्टरांचं. स्वतः मिस्टर गुडघाभर पाण्यापुढे कधी उतरले नाहीत, आणि पोरं त्यावरून त्यांची यथेच्छ टर उडवायची. मग बाईंच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली. गाठ काढली, तिच्याबरोबर पायही गेले. डॉक्टरांनी एकच वाट ठेवली होती, रोज पाण्यात व्यायाम. त्यातूनही फारशी आशा धरू नका, असं ते दाराबाहेर, एकट्या मिस्टरांना म्हणाले होते. मिस्टरांनी ऐकून घेतलं आणि आशा धरली. दुसरं काय करणार होते?

पण पाणी हटून बसलं होतं. सकाळी उतरवावं, संध्याकाळी चढलेलं. शेवटी हात टेकून त्यांनी तलावांची देखभाल करणाऱ्या पूलवाल्याला बोलावलं. तो तलावाला फेरी मारून कोपऱ्यातल्या कारंज्यापाशी थांबला.

"हे रोज लावता?"

"छे हो. पाहुणे आले तरच."

"फरशी ओली आहे, काका. पाणी असं उडत राहिलं की त्यातला वायू निघून जातो आणि पीएच चढतो. तुम्ही कितीही आम्ल ओता."

कारंज्याचं बटण व्हरांड्यात होतं, चाकाच्या खुर्चीच्या हाताशी. दुपारी मिस्टर बाजारात जात तेव्हा घरात बाई एकट्याच. तेवढाच बिचारीला विरंगुळा, मिस्टरांच्या मनात आलं. विचारून तिला ओशाळं कशाला करायचं? त्यांनी पंपाच्या खोलीत जाऊन कारंज्याचा फ्यूज काढून फळीवर ठेवला.

त्या संध्याकाळी रंग बरोबर आला. कितीतरी दिवसांनी बाई पाण्यात उतरल्या. नर्स पाय हलवत राहिली, ती हलवील तिकडे ते जात राहिले. मिस्टर काठावरून लहान मुलासारखे बघत होते. उद्यापण, असं म्हणाले. बाई हसून बरं म्हणाल्या.

दुसऱ्या दुपारी मिस्टर पिशवी विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परतले. फाटक उघडंच होतं. व्हरांड्याच्या जाळीतून त्यांना बाई दिसल्या. त्या कारंज्याचं बटण दाबत होत्या. खाली, वर, खाली. थांबून तलावाकडे बघत होत्या. पुन्हा वर, पुन्हा खाली. मग त्यांनी शेजाऱ्यांच्या उघड्या खिडकीकडे एकदा नजर टाकली, मांडीवरचा टॉवेल तोंडात कोंबला आणि रडायला लागल्या. अख्खं अंग गदगदत होतं, पाय सोडून.

आत जावं, जवळ घ्यावं, असं मिस्टरांना फार वाटलं. पण मग ती डोळे पुसेल, हसेल आणि बरं म्हणेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते मांजराच्या पावलांनी घराला वळसा घालून पंपाच्या खोलीत गेले. फळीवरचा फ्यूज उचलून परत बसवला. बाहेर कारंजं भसकन उडालं. थोड्या वेळाने बाईंचा आवाज एकदा वर आला, टॉवेलाशिवायचा, मोकळा, आणि मग पाण्याच्या आवाजात ऐकू येईनासा झाला.

संध्याकाळी नळी गडद गुलाबी झाली. नर्सला मिस्टरांनी, कळवीन तेव्हा या, असं सांगितलं.

"चढलंय का हो परत?" बाईंनी विचारलं.

"चढलंय."

"कंटाळाल तुम्ही रोज आम्ल ओतून."

"नाही गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात सगळं भरलेलं होतं, काही आणायचं नव्हतं. तरी मिस्टरांनी पिशवी उचलली, येतो म्हणाले, आणि बाहेर पडताना फाटकाची कडी मुद्दाम जोरात वाजवली.