दुधात उकळलेला कुचला

लॅबचे मालक अतुल सर म्हणाले, "अदीबा, नमुना पुन्हा लाव." आमच्या चिकलठाण्याच्या लॅबमध्ये 'पुन्हा लाव' याचा अर्थ, आकडा पार्टीला आवडेपर्यंत लावत राहा. मी लावला. कुचल्यातलं विष, म्हणजे स्ट्रिकनीन, पुन्हा तेवढंच आलं. मर्यादेच्या कितीतरी वर. पार्टी कोण आहे हे मशीनला कळत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

पार्टी समोरच चहा पीत होती. मल्हारराव. बिडकीनला यांचा सांधेदुखीच्या गोळ्यांचा कारखाना.

"मशीन बिघडलं असंल, मॅडम. आमी कुचल्याच्या बिया गाईच्या दुधात उकळतो. इख सगळं दुधात उतरतं. बापजाद्यांची रीत हाय."

"मग त्या दुधाचं काय करता?"

"आटवून खवा करतो अन् गोळीतच मळतो. एवढं दूध वाया घालवायचं व्हय? लई ताकद येती."

माझं डोकंच फिरलं. बियांतून काढलेलं विष हा माणूस परत गोळीत घालत होता, आणि वर कौतुकानं सांगत होता!

"ते दूध फेकायचं असतं, मल्हारराव. विष त्यातच गेलं ना?"

"काय होत नाय. आमची आई रोज दोन घेती."

"त्यांचे पाय आखडतात? जबडा ताठ होतो? भांडं पडलं तरी अंगाला झटका बसतो?"

त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि फोन घेऊन दारात गेले. "अक्षदा, आजीला गोळी देऊ नको. दवाखान्यात ने, आत्ताच. मी आलोच."

मला वाईट वाटलं. समजलं बिचाऱ्यांना, असंही वाटलं.

परत येऊन त्यांनी घाम पुसला. "फुडचा माल नीट करू. पण ह्यो दुकानांत गेलाय. ह्याचा रिपोर्ट तेवढा पास करा."

सरांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "कर सही. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

नोकरी मला हवी होती, खोटं कशाला बोलू? पण राग त्याहून मोठा होता. मी 'नापास' असं ठसठशीत लिहिलं, खाली सही ठोकली आणि अन्न व औषध प्रशासनाचा नंबर लावला.

"कुणाला फोन?" मल्हारराव उठले.

"तुमच्या आईसाठी तुम्ही केलात. बाकीच्यांच्या आयांसाठी मी करते."