दोघांच्या स्कीचं इंजिन

आमच्या दोघांच्या जेट स्कीचं इंजिन हेरिबेर्तोने काढलं ते मला न विचारता. मी चर्चमधून आले तर पोर्चमध्ये ती उघडी पडलेली, तिची लांब सीट भिंतीला टेकवलेली आणि इंजिन साखळीला लटकतंय. शेजारी त्याची तरुणपणची स्की, उभ्याने चालवायची, एकट्याची. इतकी वर्षं तिच्यात आमच्या कोंबड्या अंडी घालत होत्या.

"हे काय मांडलंयस?" मी विचारलं.

"मोठं इंजिन बसवतोय हिला, नेरेइदा. हिचं मूळचं म्हणजे शिलाई मशीन होतं. पुढच्या महिन्यात धक्क्यावर सगळे जुने गडी जमतायत."

"आणि आपली स्की?"

"मेळावा झाला की परत बसवतो. चार बोल्टांचं तर काम आहे."

साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण याला साठीसुद्धा गाठायची होती अजून. आमच्या सालिनासच्या किनाऱ्यावर ही रीतच आहे. बसायच्या स्कीचं इंजिन काढायचं आणि उभ्याच्या स्कीत घालायचं. बसायची स्की म्हणजे बायकापोरांची, तिचा बळी गेला तर कुणालाच हळहळ वाटत नाही. मला वाटली. घरात हेरिबेर्तो बोलत नाही. जेवतो, बातम्या बघतो, झोपतो. पण रविवारी मी त्याच्या मागे बसायचे, पोटाला मिठी मारून, मधे तुरीच्या दाण्यांच्या भाताचं पातेलं, आणि खारफुटीच्या कडेने हळूहळू बेटाकडे जाताना हा माणूस मान मागे वळवून बोलायचा. मुलगा ऑर्लँडोला गेला त्या दिवशी हा गुपचूप रडला होता, हे मला त्या सीटवर कळलं. मला स्कीचं कौतुक नाही. मला तेवढी जागा परत हवी होती, म्हणून मी त्याला म्हटलं, "बसव मग. पण इंजिनाला काही झालं तर बघ."

काम सोपं नव्हतंच. मोठ्या इंजिनाचे पाय जुन्या बुडाच्या भोकांवर बसेनात, म्हणून मधे ॲल्युमिनियमची जाड पट्टी घालावी लागली. मग इंजिनाचा दांडा आणि पाणी मागे फेकणाऱ्या पंख्याचा दांडा एका रेषेत येईना. हा पालथा पडून खाली पत्र्याच्या चकत्या सारतोय आणि मी पहारीने इंजिन उचलून धरतेय. त्याचे गुडघे गेलेले, माझी कंबर. त्याचा दोस्त विसो खुर्चीत बसून बिअर पीत सूचना करायचा.

"वहिनी, जरा डावीकडे."

"तुम्हीच या ना डावीकडे," मी म्हणायचे.

"माझी पाठ धरलीय हो."

"खुर्चीनेच धरली असेल."

एवढं करून वरचं झाकण लागेना. हेरिबेर्तोने तेही कापलं.

मग त्याने तेलाचा पंप उपटला. असल्या इंजिनाला पेट्रोलबरोबर तेल लागतंच, नाहीतर ते आतून आवळतं. आमच्या स्कीत तेलाची टाकी वेगळी होती. पेट्रोल पेट्रोलच्या जागी, तेल तेलाच्या जागी, पंप आपोआप मिसळायचा. पण या गड्यांचा पंपावर विश्वास नाही. कुठल्या तरी चुलत्याचं इंजिन पंपाने दगा दिल्यामुळे जळालेलं असतंच, म्हणून पंप काढून फेकायचा, भोकावर पत्रा मारायचा आणि तेल हाताने पेट्रोलमध्ये ओतायचं.

"पंप दगा देतो," मी म्हटलं, "आणि तू विसरलास तर?"

"मी? मी शाळेत असल्यापासून तेल मिसळतोय."

त्याने डब्यात तेल-पेट्रोल कालवलं, नळी जोडली आणि पोर्चमध्येच इंजिन चालू केलं. कोंबड्या उडाल्या, शेजारीण शिव्या देत बाहेर आली. आवाज मात्र झकास होता. हेरिबेर्तो माझ्याकडे बघून हसला आणि खरं सांगते, मलाही आनंद झाला.

मेळाव्याच्या रविवारी आम्ही ट्रेलर जोडून निघालो. वाटेत पेट्रोल पंपावर दोन जुने गडी भेटले. मी मांडीवर भाताचं पातेलं घेऊन ट्रकमध्येच बसले. हेरिबेर्तो ट्रेलरवर चढला, त्यांच्याशी बोलता बोलता स्कीची टाकी भरली, टोपण लावलं आणि गाणं म्हणत येऊन बसला.

धक्क्यावर ही गर्दी. कुणी सुक्या माशाची भजी तळतंय, कुणाच्या गाडीत गाणी ठणाणतायत. हेरिबेर्तोने स्की पाण्यात ढकलली, आधी गुडघ्यांवर बसला, मग सावकाश उभा राहिला. पोरंसोरं ओरडली. मी टॉवेल काढायला ट्रकच्या सीटमागे हात घातला, तर हाताला तेलाची बाटली लागली. झाकणाचं सील तसंच.

मी पळाले. चपला धक्क्यावर राहिल्या, मी कमरेइतक्या पाण्यात शिरले आणि बाटली डोक्यावर धरून हलवायला लागले. "बंद कर, हेरिबेर्तो, बंद कर." त्याला वाटलं, बायको नाचतेय. त्यानेही हात हलवला आणि रिकामी खाडी बघून मूठ पूर्ण पिळली. काय सुंदर गेला तो. उभा, ताठ, म्हातारपण कुठल्या कुठे. मग आवाज एकदम चिरका झाला आणि इंजिन जागच्या जागी आवळलं. हेरिबेर्तो पुढच्या पुढे पाण्यात गेला.

त्याला ओढून आणलं. विसोने, पाठ विसरून, वाकून प्लग काढला आणि आत बोट घालून बघितलं. "सुकंच. तेलाचा थेंब नाही. टाकी कुणी भरली?"

मी तिथेच होते, ओल्या कपड्यांनी, हातात बाटली.

"नेरेइदाने," हेरिबेर्तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. "तरीच," कुणीतरी म्हणालं. एकजण समजूत घालायला आला, "जाऊ दे वहिनी, बायकांना सवय बसायच्या स्कीची, तिथे मिसळावं लागत नाही ना." मला वाटलं, पाण्यात आपटून त्याचं डोकं फिरलंय. शुद्धीवर आला की सांगेल.

घरी जाताना मी म्हटलं, "टाकी तू भरलीस."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय सांगायचं होतं त्यांना? शाळेत असल्यापासून तेल मिसळतो आणि आज विसरलो? मरेपर्यंत चिडवतील मला. तुझं काय, तुला थोडंच त्यांच्यात वावरायचंय." आणि मग समजुतीने, "तू घरचीच आहेस ना."

मी त्याला म्हटलं, इंजिन गेलं तर गेलं. आपली स्की गेली तर गेली. पण पुढच्या रविवारी तू माझ्यासमोर त्यांना खरं सांगायचं, नाहीतर माझ्या ताटाला ताट लावायचं नाही. त्याने बघू म्हटलं. त्याच आठवड्यात विसोच्या ओळखीचा एक माणूस आमच्या स्कीचं रिकामं बूड मासेमारीचा तराफा करायला घेऊन गेला. सीट त्याला नको होती. हेरिबेर्तोने ती कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली.

रविवारी मी स्वतःच ट्रकमध्ये जाऊन बसले. धक्क्यावर पोहोचतो न पोहोचतो तोच विसो ओरडला, "आल्या बघा पेट्रोलवाल्या वहिनी. गाड्यांची टोपणं लावा रे." मंडळी हसली. मी हेरिबेर्तोकडे पाहिलं. तो भजी निवडत होता.

"सांग," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"टाकी कुणी भरली ते."

नवरा-बायकोचं भांडण बघायला मिळणार म्हणून मागचेही पुढे सरकले. हेरिबेर्तोने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि दोन्ही हात वर केले.

"हो बाबांनो, मीच भरली. टाकी मी भरली, तेल मी विसरलो, गेल्या वर्षी तुफान आलं तेही मीच आणलं. झालं समाधान, राणी?" आणि माझ्या खांद्यावर हात टाकला.

एकदम हशा पिकला. विसोने बिअरची बाटली उंच केली. "वहिनी, नशीब काढलंत. बायकोची चूक चारचौघांत अंगावर घेणारा नवरा शोधून सापडत नाही."

"खरंच तोच विसरला," मी म्हटलं. "बाटली सीलबंद होती. मी ट्रकमधून उतरलेसुद्धा नव्हते."

"हो हो, तोच विसरला," विसो म्हणाला, लहान मुलाला म्हणतात तसं, आणि माझ्या हातात भज्यांची पुडी दिली. एका म्हाताऱ्याने हेरिबेर्तोची पाठ थोपटली. हेरिबेर्तोने भल्या माणसासारखी मान खाली घातली.

त्याने जे सांगितलं त्यातला तुफानाचा भाग सोडला तर शब्दन् शब्द खरा होता. आता मी त्याच्याकडे आणखी काय मागणार होते?