बाटलीत उतरलेला आजार

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत प्रत्येकाच्या मांडीवर एक बाटली, अर्धी निळ्या पाण्याने भरलेली. बाबा बाटली गदागदा हलवायचे, रोग्याच्या कपाळाला टेकवायचे आणि म्हणायचे, "उतरला आजार. आता हलू नका, पाणी त्याला गिळेल." आणि बघता बघता निळं पाणी नितळ व्हायचं. घरी नेताना पुन्हा निळं झालं, तर दोष रोग्याचा. त्याने चोरून गोळ्या घेतल्या असणार.

बाबांच्या शेजारी माईक धरून उभा होता टोपीमामा. अख्ख्या गल्लीला टोप्या घालून त्याने हे नाव कमावलेलं. कापड रंगवायच्या कारखान्यात हयात गेली होती, त्यामुळे रंगातलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्याची पक्की समजूत. तो सांगायचा, ब्लीचने घालवलेला रंग परत येत नाही. हा जातोय काय, येतोय काय, म्हणजे हे माणसाचं काम नव्हे. लोक माना डोलवायचे आणि मामाची छाती फुगायची.

त्याच्या साक्षीवर सगळ्यात आधी विश्वास बसला त्याच्या ताईचा. तिला मधुमेह. तिने इन्सुलिन बंद केलं. लवकरच घशाला कोरड पडायला लागली, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. भाचीने मामाला गाठलं. "आईला काही झालं तर मी बाबाला नाही, तुम्हाला धरीन."

मामा चरकला. पण सरळ वागेल तो मामा कसला? त्याने ताईची बाटली ढापायची ठरवली. तिच्या जागी शाईचं पाणी ठेवायचं, ते काही केल्या नितळ होणार नाही, मग बाबा काय थापा मारतात ते बघायचं.

चोरलेली बाटली स्कूटरच्या डिकीत टाकून तो शाईचं पाणी कालवायला कारखान्यात पोचला. पाणी निळंशार. लॅबमधल्या टेबलावर ठेवून चहा प्यायला, तोवर नितळ. ना ताई, ना बाबा, ना मंत्र. उचलून हलवली, तर पुन्हा निळी. मामाला घाम फुटला. ताईचा आजार आता आपल्याला लागला की काय?

लॅबवाल्या बाई हसून हसून खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या. त्यांनी समजावलं, की पाण्यात कॉस्टिक सोडा, ग्लुकोज आणि चिमूटभर निळा रंग आहे. बाटली स्थिर असली की ग्लुकोज रंगाचं रूप बदलतं, त्याला बिनरंगी करतं. ह्यालाच क्षपण म्हणतात. हलवली की हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो आणि रंग मूळ रूपात येतो. खर्च होतं ते ग्लुकोज. रंग नुसता मधला दलाल, उत्प्रेरक. काम करतो आणि शिल्लकच राहतो.

"आणि मामा," त्या म्हणाल्या, "तुमच्या निळीच्या टाकीत दुसरं काय होतं हो? कापड पिवळट हिरवं निघतं, हवा लागली की निळं. जन्मभर बघताय ना?"

मामाने कपाळाला हात लावला. हाताला टाकीतली नीळ होती, कपाळही निळं झालं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये त्याने माईक मागितला, आणि बाबांनी आनंदाने दिला. मामाने खिशातून हलक्या हाताने नितळ पाण्याची बाटली काढली. म्हणाला, ही मी कारखान्यात बनवली, आणि हिच्यात माझा मूर्खपणा उतरलाय. हलवली, निळी झाली. टेबलावर ठेवली. सगळे माना उंचावून बघत राहिले. नितळ झाली. मग आत काय काय आहे ते त्याने सांगितलं. बाबा म्हणाले, ह्याच्या मनात पाप आहे. मामा म्हणाला, असेल की, पण पाण्याला ते कुठे कळतंय?

पुढच्या रांगेतून ताईचा आवाज आला. "म्हणजे माझी साखर उतरवायला ह्याने बाटलीत साखरच घातली?"

आधी हॉल हसला, मग रागावला. बाबा मागच्या दाराने सटकले. मामा मात्र हसला नाही. माईक तिथेच ठेवून त्याने ताईचा हात धरला. "आजार तुझ्या रक्तात आहे गं, बाटलीत कधीच नव्हता. चल डॉक्टरकडे."

ताई उठली. "तू माईकवर बोललास ना, म्हणून मी सुई सोडली," ती एवढंच म्हणाली.

तेव्हा मंडळी, साक्षीदार कितीही जाणता वाटो, डोळे मिटून त्याचं ऐकू नका. बाटली मागून घ्या, स्वतः हलवा, आत काय आहे ते विचारा. आणि विचारून होईपर्यंत औषध सोडू नका.